पिंगपाँगचा आवाज आणि बोटांची समज

मंडळातल्या मुलांना रविवारी सकाळी टेबल टेनिस शिकवण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. नवीन मूल आले की पहिले दोन आठवडे मी त्याला टेबलापाशी फारसे उभे राहू देत नाही. बॅट धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. चेंडू बॅटवर उडवायचा, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग उंच उडवलेला चेंडू आवाज न करता बॅटवर झेलायचा. एवढेच. मुले विचारतात, "काका, मॅच कधी?" पालक जरा सभ्यपणे विचारतात की नुसते धरायला शिकायला पंधरा दिवस लागतात का. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर बरेच जुने आहे, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आपल्या मुंबईत घडला आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. यंदा संपादकांनी "इतिहासावर काहीतरी द्या" असे सांगितले. तंजावरच्या मराठ्यांवर लिहिणारे जाणकार आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून मी आपला हातातला विषय घेतला. हा लेख हाताबद्दलच आहे.

या खेळाचे पहिले लोकप्रिय नाव पिंगपाँग. ते आवाजावरून पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधली सुखवस्तू घरे जेवण झाल्यावर त्याच टेबलावर टेनिसची नक्कल खेळत. बॅट कसली, लांब दांड्याचा छोटा डफच तो! लाकडी कड्यावर चामडे ताणून बसवलेले. १९०० च्या सुमारास सेल्युलॉइडचा पोकळ, हलका चेंडू आला. तो अशा ताणलेल्या चामड्यावर आपटला की एक आवाज येई आणि टेबलावर पडला की दुसरा. पिंग आणि पाँग. नाव एका कंपनीने नोंदवून टाकले, म्हणून पुढे संघटना झाली तेव्हा तिला 'टेबल टेनिस' हे साधे नाव घ्यावे लागले. १९२६ मध्ये लंडनला पहिली जागतिक स्पर्धा झाली. त्या पहिल्याच स्पर्धेत भारताचा संघ होता, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगायला हरकत नाही.

मधल्या काळात बॅट बदलली होती. चामड्याच्या जागी लाकडी फळी आली आणि फळीवर बारीक दाणे असलेले रबर. हे रबर पहिल्यांदा गुड नावाच्या इंग्रज गृहस्थाने बसवले. औषधाच्या दुकानात सुटे पैसे ठेवायला असते तशी दाणेदार रबरी चटई पाहून त्याला कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, गोष्ट चांगली आहे. या दाणेदार बॅटने पुढची जवळजवळ पन्नास वर्षे जग खेळले. हंगेरीच्या व्हिक्टर बार्नाने १९३० ते १९३५ या काळात पाच वेळा एकेरीचे जगज्जेतेपद मिळवले ते याच बॅटने.

दाणेदार रबरावर चेंडू खणखणीत वाजतो. प्रतिस्पर्ध्याने किती जोरात मारला, नुसता ढकलला की खालून कापला, हे डोळ्यांइतकेच कान सांगत. एक वाजवणार, दुसरा ऐकणार आणि त्याप्रमाणे हात तयार ठेवणार. लांबलचक रॅली चालत. दोन खेळाडूंमधले ते एक प्रकारचे संभाषण होते. मुंबईत १९५२ साली हे संभाषण तुटले.

त्या वर्षी १ ते १० फेब्रुवारी या काळात जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत भरली. आशिया खंडातली ती पहिलीच जागतिक स्पर्धा. स्वातंत्र्याला पाच वर्षेही पुरती झाली नव्हती, अशा वेळी आपल्या लोकांनी युरोप-अमेरिकेचे खेळाडू बोलावून स्पर्धा पार पाडली, याचे मला आजही कौतुक वाटते. जपानचा संघ जागतिक स्पर्धेत पहिल्यांदाच उतरत होता. त्यात हिरोजी सातो नावाचा एक चष्मेवाला खेळाडू होता. दिसायला साधा. त्याच्यापेक्षा त्याच्या हातातली बॅटच अजब होती. तिच्यावर दाणेदार रबर नव्हते. होता तो जाड स्पंज, नुसता, वर काही नाही.

या बॅटवर चेंडू वाजतच नसे. तो स्पंजात रुतायचा आणि गोफणीतून सुटल्यासारखा बाहेर यायचा. प्रतिस्पर्ध्याला मारल्याचा आवाज ऐकू येण्याआधीच चेंडू अंगावर आलेला असे, किंबहुना आवाज असा येतच नसे. अमेरिकेचा मार्टी रीझमन त्या काळातला जबरदस्त खेळाडू. तो मुंबईत सातोकडून हरला. अंतिम फेरीत सातोने हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवले आणि पुरुष एकेरीचे जगज्जेतेपद पहिल्यांदा आशियाकडे आले. सात विजेतेपदांपैकी चार जपानने नेली. महिला एकेरी मात्र रुमानियाच्या अँजेलिका रोझेआनूने राखली आणि पुरुषांचा सांघिक करंडक हंगेरीने. म्हणजे जुनी विद्या एका दिवसात मेली असे नाही. पण तिला धक्का बसला तो मुंबईत.

रीझमनने हा पराभव कधीच मनातून काढला नाही. आयुष्यभर तो जुन्या दाणेदार बॅटचा कैवार घेत राहिला, आणि १९९७ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी त्याने जुन्या बॅटची अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दाखवली! सातोला मात्र मुंबईसारखे यश पुन्हा मिळाले नाही. लोकांना त्याच्या बॅटची ओळख झाली आणि ती बॅट इतरांच्याही हाती आली. मला यातली खरी गंमत अशी वाटते की, ज्या खेळाचे नाव आवाजावरून पडले त्या खेळाचा आवाज सातोने काढून घेतला, आणि त्यानंतर प्रत्येक खेळाडूला नवा कान शोधावा लागला. तो कान बोटांत सापडला.

आंतरराष्ट्रीय संघटनेत स्पंजवर बरेच वाद झाले. काहींना तो सरसकट बंद हवा होता. शेवटी १९५९ मध्ये तोडगा निघाला. नुसता स्पंज चालणार नाही, पण स्पंजावर रबर चिकटवलेले चालेल. सगळी मिळून जाडी, गोंद धरून, ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. नुसते दाणेदार रबर असेल तर २ मिलिमीटर. ही मर्यादा आजही कायम आहे. आम्हा कारखान्यातल्या लोकांना असे नियम फार आवडतात. भांडण किती का असेना, शेवटी मापात बांधले की काम पुढे सरकते. त्याच वर्षी जर्मनीतल्या डॉर्टमुंडला रोंग गुओतुआनने चीनला पहिले जगज्जेतेपद मिळवून दिले, आणि पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊकच आहे.

या स्पंज-रबराच्या जोडबॅटने खेळात फिरकीचे राज्य आणले. रबर उलटे लावून दाणे आत आणि गुळगुळीत बाजू बाहेर ठेवली की चेंडू तिला क्षणभर चिकटतो. त्या क्षणात बॅट चेंडूला घासून गेली की चेंडू गरगर फिरतो. जपान्यांनी १९६० च्या सुमारास टॉपस्पिनचा लूप काढला आणि जुने बचावपटू हतबल झाले. आता नुसते जोरात मारून भागेना. किती घासायचे आणि किती आपटायचे याचे प्रमाण साधावे लागे, आणि हे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही.

येथे पकडीचा प्रश्न येतो. ढोबळ मानाने दोन घराणी. एक शेकहँड, म्हणजे हस्तांदोलन करतो तशी. दुसरे पेनहोल्ड, म्हणजे टाक धरतो तशी. सातो आणि त्याच्यामागून आलेले बहुतेक जपानी जगज्जेते पेनहोल्डवाले. चीनचा झुआंग झेडाँग १९६१, १९६३ आणि १९६५ असा लागोपाठ तीनदा जिंकला, तोही पेनहोल्डच. पूर्वेकडच्या लोकांना काड्यांनी जेवायची सवय म्हणून ही पकड जमते असे कोणी कोणी सांगतात. मला ते पटत नाही. तसे असते तर पाची बोटांनी जेवणाऱ्या आपण काय करायचे? पेनहोल्डमध्ये मनगट फार मोकळे राहते आणि फोरहँड घातक होतो, पण बॅकहँडची बाजू लंगडी पडते. यावर चिन्यांनी १९९० च्या दशकात उपाय काढला. बॅटची मागची बाजूही रबर लावून वापरायची. ल्यू गुओलियांग, मग मा लिन, वांग हाओ यांनी ही विद्या वाढवली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकेरीचे कांस्यपदक घेणारा फ्रान्सचा फेलिक्स लब्रँ हा तरुण मुलगा पेनहोल्डने खेळतो. पूर्व-पश्चिमेचा हिशेब तिथेच संपतो.

आपल्याकडे बहुतेक सर्व जण शेकहँडने खेळतात, म्हणून मीही तीच शिकवतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जे बेचके होते ते बॅटच्या कडेवर बसले पाहिजे. तर्जनी मागच्या बाजूने रबराच्या खालच्या काठाला आडवी, अंगठा पुढच्या बाजूला, उरलेली तीन बोटे दांड्याभोवती. बस्स. लहान मुले दोन गोष्टी हमखास करतात. एक तर तर्जनी सरळ वर, रबराच्या मधोमध ताणून ठेवतात, आरशात कोणाला तरी बोट दाखवल्यासारखी. मग मनगट बांधले जाते. दुसरे म्हणजे दांडा आवळतात. हातोडा आवळतात तसा.

आवळण्याबद्दल कारखान्यातले एक उदाहरण देतो. नवा पोरगा शिकाऊ म्हणून आला आणि त्याच्या हाती पाना दिला की तो नट इतका आवळतो की आटे जातात. जुना फिटर दोन बोटांच्या जोराने पाना फिरवत येतो आणि शेवटच्या पाव फेऱ्यात नेमका जोर देतो. किती, हे त्याला विचारा. सांगता येत नाही. आता प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टला टॉर्क पाना वापरावा लागतो आणि ते योग्यच आहे, कारण डब्यात माणसे बसतात. पण टॉर्क पान्याचा आकडा आणि जुन्या फिटरचा हात मी अनेकदा ताडून पाहिला आहे. फरक फार थोडा निघतो.

तसेच चाके तपासण्याचे. गाडी उभी राहिली की कॅरेज-वॅगनचा माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोके देत जायचा. धड चाक घंटेसारखे वाजते, तडा असला की बद्द वाजते. जुन्या बेअरिंगच्या काळात तोच माणूस हाताची उलटी बाजू ॲक्सल बॉक्सला लावून बघायचा, कुठे गरम लागते का. कान आणि कातडी ही त्याची यंत्रे. पुढे रोलर बेअरिंग आले, तपासायला इन्फ्रारेड तापमापक आले. खेळातही नेमके तेच झाले. एक ज्ञानेंद्रिय कमी पडले की दुसऱ्याला तयार करावे लागते. ते तयार करण्याची रीत मात्र बदलत नाही. हजारदा हात लावायचा आणि दरवेळी काय लागले ते लक्षात ठेवायचे.

'टच' हा शब्द खेळाडू फार सैल वापरतात. अमक्याला देवाने टच दिला आहे, तमक्याला नाही. आपल्याकडे म्हणतात हाताला चव आहे, तमिळमध्येही 'कैमणम्' असा शब्द आहे, हाताचा सुगंध. शेजारच्या मामींच्या रसमला जो असतो तो. शब्द सुंदर आहेत, पण त्यांनी मुलांचे नुकसान होते. ज्याला चटकन जमत नाही त्याला वाटते आपल्याला हे मिळालेलेच नाही. म्हणून मी मुलांना एक साधा हिशेब सांगतो. चेंडू बॅटला लागून सुटेपर्यंतचा वेळ सुमारे एक हजारांश सेकंद. बोटांना काही जाणवून ते मेंदूपर्यंत जाऊन हाताला हुकूम यायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे चेंडू बॅटवर असताना कोणीही, अगदी जगज्जेताही, त्यात काही दुरुस्ती करू शकत नाही. मग टच म्हणजे काय? टच म्हणजे आधीची तयारी आणि नंतरची नोंद. चेंडू लागताना बोटांना जे कळले ते वहीत मांडल्यासारखे हातात साठते आणि पुढच्या फटक्याला उपयोगी पडते. ज्याची नोंद बारीक, त्याचा टच चांगला. आणि मूठ आवळलेली असेल तर नोंद होतच नाही, कारण बॅटचे बारीक थरथरणे घट्ट हातात मरून जाते.

वाचकांनी हे घरी करून पाहावे. मूठ गच्च आवळा आणि मनगट चारी दिशांनी फिरवा. आता मूठ सैल सोडून फिरवा. फरक लगेच कळेल. आवळलेल्या हातात कोपराखालचे पुढचे-मागचे सगळे स्नायू एकमेकांना ओढत बसतात. बॅट किती सैल धरायची, याला मी आरतीच्या निरांजनाचे उदाहरण देतो. निरांजन कोणी आवळत नाही आणि कोणी पाडतही नाही. ज्योत हलू नये इतपतच धरतो. चेंडू लागायच्या क्षणी मात्र बोटे किंचित घट्ट होतात. फोरहँडला तर्जनीचा दाब, बॅकहँडला अंगठ्याचा. लगेच पुन्हा सैल. सर्व्हिस करताना तर पुष्कळ मोठे खेळाडू खालची तीन बोटे दांड्यावरून सोडूनच देतात आणि बॅट अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरतात, म्हणजे मनगट वाटेल तसे वळते. सर्व्हिस झाली की बोटे पुन्हा जागेवर. टीव्हीवर सामना बघताना चेंडू सोडून एकदा हे बघा.

आवाजाची गोष्ट पुढेही बरीच चालली. १९८० च्या आसपास काही खेळाडू बॅटच्या दोन्ही बाजूंना एकाच रंगाची पण अगदी वेगळ्या गुणाची रबरे लावत. एका बाजूने भरपूर फिरकी, दुसऱ्या बाजूने शून्य. बॅट हातात फिरवली की समोरच्याला कळायचे नाही कोणत्या बाजूने मारले. आवाजावरून थोडे कळे, म्हणून मारताना पाय जमिनीवर आपटत. धाप! आवाजात आवाज बुडाला. अखेर नियम झाला की एक बाजू लाल आणि दुसरी काळी हवी. २०२१ च्या ऑक्टोबरपासून लालऐवजी निळा, हिरवा, गुलाबी, जांभळा असे रंगही चालतात, काळी बाजू मात्र ठेवावीच लागते. मग ताज्या गोंदाचे प्रकरण. खेळण्यापूर्वी विशिष्ट गोंद लावला की स्पंज फुगे, चेंडू सुसाट जाई आणि बॅट टणत्कार करी. त्यातले द्रव आरोग्याला घातक म्हणून २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर तो बंद झाला. चेंडू २००० मध्ये ३८ चा ४० मिलिमीटर झाला, २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिक आले. प्रत्येक बदलानंतर जगातल्या सर्व खेळाडूंना आपल्या बोटांची वही कोरी करून पुन्हा लिहावी लागली.

बॅट हातात फिरवण्याची कला मात्र संपली नाही. आपली मनिका बात्रा बॅकहँडला लांब दाण्यांचे रबर वापरते आणि रॅलीच्या मध्यात बॅट फिरवून बाजू बदलते. हे सैल पकडीशिवाय अशक्य. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सिंगापूरच्या फेंग तिआनवेईला हरवले आणि भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. त्या संघात ठाण्याची मधुरिका पाटकर आणि पुण्याची पूजा सहस्रबुद्धे होत्या. मराठी मुली या खेळात पूर्वीपासून पुढे आहेत. शैलजा साळोखे यांना १९७६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला होता. आमच्या वर्गातही मुलींचा हात मुलांपेक्षा लवकर सैल होतो, असे माझे निरीक्षण आहे. मुलांना आधी दणका द्यायचा असतो.

आता आपल्या या गावाबद्दल. रेल्वेने हा खेळ देशभर नेण्यात मोठी मदत केली, असे मी रेल्वेवाला म्हणून नव्हे तर पाहिलेले म्हणून सांगतो. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात वाढलेल्या कोणालाही इन्स्टिट्यूटचा हॉल, त्यातले हिरवे टेबल आणि संध्याकाळी ड्यूटी उतरून आलेले ड्रायव्हर-गार्ड आठवतील. पण चेन्नईत आलो तेव्हा पाहिले की इथे हा खेळ वस्तीवस्तीत आहे. याचे श्रेय प्रशिक्षकांना. शरत कमल याला घडवले ते त्याचे वडील श्रीनिवास राव आणि काका मुरलीधर राव यांनी. राव म्हटले की आपण कान टवकारतो, पण अचंता हे तेलुगू कुटुंब. शरतने २००६ मध्ये मेलबर्नला आणि तब्बल १६ वर्षांनी २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचे सुवर्ण घेतले. मुंबईच्या कमलेश मेहतांचा आठ राष्ट्रीय विजेतेपदांचा विक्रम त्याने २०१९ मध्ये मोडला आणि पुढे दहापर्यंत नेला. पाच ऑलिंपिक खेळून २०२५ च्या मार्चमध्ये तो इथेच, चेन्नईत, आपल्या लोकांसमोर निवृत्त झाला. इतकी वर्षे, इतके चेंडू आणि इतकी रबरे बदलून टिकायचे म्हणजे पाया घरातच पक्का झालेला असला पाहिजे.

पण मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते व्ही. चंद्रशेखर यांच्याबद्दल. हे याच शहरातले, तीन वेळचे राष्ट्रीय विजेते, १९८२ चे अर्जुन पुरस्कार विजेते. खेळ ऐन भरात असताना १९८४ मध्ये गुडघ्याच्या एका शस्त्रक्रियेसाठी ते रुग्णालयात दाखल झाले. शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूला इजा झाली. शुद्धीवर आले तेव्हा दृष्टी, वाचा आणि शरीराच्या हालचाली या सर्वांवर आघात झालेला होता. वय अजून तिशीच्या आत. ज्या हाताने देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंना झुलवले त्या हाताला साध्या हालचाली पहिल्यापासून शिकाव्या लागल्या. ते अनेक वर्षे न्यायालयात लढले आणि त्यांना भरपाई मिळाली. पूर्वीचा खेळ परत आला नाही.

त्यानंतर ते प्रशिक्षक झाले. याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. प्रशिक्षक साधारणपणे काय करतो? "हे बघ असे" म्हणून मारून दाखवतो. पोरगा बघतो आणि नक्कल करतो. तबल्याचे मास्तर शिष्याचा हात धरून बोट ठेवून देतात, तसेच. ज्याला पूर्वीसारखे मारून दाखवता येत नाही त्याला दुसरा रस्ता शोधावा लागतो. जे आपल्या हातात होते ते दुसऱ्याच्या हातात कसे उतरवायचे, हे त्याला सुटे सुटे करून समजावे लागते. आपल्यासारख्यांचा हात नकळत बसलेला असतो, म्हणून आपल्याला तो कसा बसला ते सांगता येत नाही. चंद्रशेखर यांना प्रत्येक हालचाल दुसऱ्यांदा, मोठे झाल्यावर, कळत कळत शिकावी लागली होती. उत्तम खेळाडू चांगले प्रशिक्षक होतातच असे नाही, हे आपण क्रिकेटमध्येही पाहतो. यांच्या बाबतीत मात्र शिष्यांनी पुरावा दिला. जी. सत्यन हा त्यांच्याकडे सुरुवातीची वर्षे शिकलेला मुलगा. पुढे तो एस. रामन यांच्या हाताखाली तयार झाला. रामन स्वतः चेन्नईचे, १९९८ चे अर्जुन पुरस्कार विजेते. सत्यन २०१९ मध्ये जागतिक क्रमवारीत २४ व्या क्रमांकापर्यंत गेला. तोपर्यंत कोणताही भारतीय पुरुष खेळाडू पहिल्या पंचविसात पोचला नव्हता. त्याचा खेळ बघा. टेबलाला चिकटून, हात छोटा, बॅकहँडचे मनगट मोकळे. ताकदीने खेळणाऱ्याचा हा खेळ नव्हे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत १२ मे २०२१ रोजी चंद्रशेखर गेले. त्यानंतर सुमारे अडीच महिन्यांनी सत्यन टोकियोला आपले पहिले ऑलिंपिक खेळला. हाँगकाँगच्या लाम सिऊ हँगविरुद्ध तीन-एक असा पुढे होता, आणि सातव्या गेममध्ये हरला.